नवऱ्याशी एकनिष्ठ, तरीही पॉझिटिव्ह: पुण्याची गोष्ट

हेडफोन लावा, कारण आजचा विषय चारचौघांत बोलायचा नसतो असं आपल्याला शिकवलंय.

डॉ. रमण गंगाखेडकर आठवतात? कोरोनात टीव्हीवर दिसायचे ते. त्यांचं एक मोठं काम त्याच्या खूप आधीचं आहे. १९९३ ते १९९६ या काळात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पुण्यातल्या गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या बायकांची एचआयव्ही तपासणी केली. देहविक्री न करणाऱ्या जवळपास ४०० बायकांमध्ये शंभरातल्या सुमारे १४ जणी पॉझिटिव्ह निघाल्या. बहुतेकींचा संबंध फक्त नवऱ्याशीच आला होता. १९९७ मध्ये हे ‘जामा’त छापून आलं.

तेव्हा सल्ला असायचा, एकनिष्ठ राहा. या बायका राहिल्याच होत्या की! धोका नवऱ्याच्या वागण्यातून आला होता. आणि ज्या घरात नवरा-बायकोचं धड बोलणंच नाही, तिथे ‘कंडोम वापरा’ असं बायको कशी म्हणणार? म्हटलं की संशय, भांडण, कधी मारसुद्धा.

पुढे ‘एचपीटीएन ०५२’ नावाचा अभ्यास झाला. ९ देशांतली १,७६३ जोडपी, एक जण पॉझिटिव्ह, दुसरा निगेटिव्ह. भारतातून पुणे आणि चेन्नई. एका गटाला औषध लगेच, दुसऱ्याला नंतर. कंडोम आणि समुपदेशन सगळ्यांनाच. २०११ मध्ये निकाल आला. विषाणूच्या जनुकीय तपासणीत जोडीदाराकडूनच आलेल्या २८ लागणी सापडल्या आणि लगेच औषध मिळालेल्या गटात त्यातली फक्त १ होती. धोका ९६ टक्क्यांनी कमी!

पण डेटा नीट बघा. एकूण लागणी होत्या ३९. उरलेल्यांपैकी काहींमधला विषाणू जोडीदाराचा नव्हताच. म्हणजे जोडीदार गोळ्या घेत असला, तरी बाहेरून येणारा धोका राहतोच. त्यासाठी कंडोम लागतो, आणि त्याआधी खरं बोलणं.

२०१७ च्या एचआयव्ही कायद्याने हे ओळखलं. संमतीशिवाय तपासणी नाही. जोडीदाराला कळवायचं तर आधी समुपदेशन. आणि कळवल्यामुळे बाईला मारहाण होईल किंवा टाकून देतील अशी रास्त भीती असेल, तर डॉक्टरने कळवायचं नाही. १९९३ च्या त्या बायकांना हा आधार नव्हता.

आपल्याला आहे. सरकारी केंद्रात तपासणी मोफत आणि गोपनीय असते, हेल्पलाइन १०९७. घरात अबोला असेल, तरी तपासणी पुढे ढकलू नका.