वस्तादाविना व्यायाम

दिवसभर खुर्चीत बसून काम करणारा चाळिशी-पन्नाशीचा माणूस व्यायाम सुरू करायचे मनावर घेतो, तेव्हा ‘कोणता व्यायाम करू?’ असे विचारतो. सांगणारे पुष्कळ भेटतात. अडते ते पुढच्या प्रश्नापाशी. किती करू, आणि केव्हा वाढवू? पहिल्या दिवशी उत्साहाच्या भरात पन्नास बैठका मारायच्या, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरायचे आणि तिसऱ्या दिवशी सगळे सोडून द्यायचे, हा अनुभव घराघरांतला आहे. या ‘किती?’ला स्वतःचा असा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला एक महत्त्वाचा धागा आपल्या सातारा भागातून जातो.

तालमीत हा प्रश्न पोराला पडतच नसे. मातीत उतरणाऱ्या पोराचे जोर आणि बैठका वस्ताद पाहत असे. कोणाचा दम कुठे तुटतो, कोणाची कंबर खचते, हे त्याच्या नजरेला कळे आणि आकडा तोच ठरवी. पण तालीम ही तरुणांची जागा होती आणि तिथे वेळ द्यावा लागे. लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष अभ्यास बाजूला ठेवून प्रकृती कमावण्यात घालवले, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली आहे. विद्यार्थ्याला ते जमले. कचेरीतल्या कारकुनाने एक वर्ष कुठून आणायचे?

हा कारकून ओळखला तो युजेन सँडो याने. जर्मनीत १८६७ साली जन्मलेला हा बलवान माणूस आधी रंगभूमीवर ताकदीचे प्रयोग करी. पुढे लंडनमध्ये त्याने १८९७ साली व्यायामशाळा काढली, त्याच सुमारास पुस्तक लिहिले आणि दुसऱ्या वर्षी मासिकही सुरू केले. पण त्याची खरी कल्पकता टपालात होती. गिऱ्हाइकाने आपली मापे कळवायची. सँडोकडून डंबेल्स आणि तक्ता घरी यायचा. कोणत्या वयाच्या माणसाने कोणता व्यायाम किती वेळा करायचा आणि किती दिवसांनी वाढवायचा, हे त्या तक्त्यात छापलेले असे. वस्तादाच्या नजरेची जागा कागदाने घेतली. १९०४-०५ मध्ये सँडो हिंदुस्थानच्या दौऱ्यावर येऊन गेला. त्याचे नाव मात्र इथे त्याच्या आधीच पोहोचले होते.

त्याच १९०४ साली डेन्मार्कमध्ये जे. पी. म्यूलर याचे ‘माझी पद्धत’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक निघाले. म्यूलरने तक्त्याऐवजी घड्याळ पुढे केले. रोज पंधरा मिनिटे, उपकरण कोणतेही नाही, मध्ये गार पाण्याचे स्नान आणि अंग चोळणे. युरोपातल्या अनेक भाषांत ते पुस्तक गेले. त्याच्या वाचकांत प्राग शहरातला एक विमा-कर्मचारी होता. कामगारांच्या अपघात विम्याच्या कचेरीत दिवसभर कागद तपासायचे, रात्री लिहीत बसायचे आणि उघड्या खिडकीसमोर उभे राहून म्यूलरचे व्यायाम करायचे, असा त्याचा क्रम काही वर्षे होता. त्याचे नाव फ्रान्झ काफ्का. बैठ्या माणसाला आपल्या शरीराविषयी वाटणारी कुचंबणा त्याच्याइतकी कोणाला कळली असेल, असे मला वाटत नाही.

आता औंधाकडे येऊ. औंध संस्थानचे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८चा. सूर्यनमस्कारांचे प्रचारक म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्याआधी ते सँडोचे चेले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १८९७ साली त्यांनी सँडोची उपकरणे आणि पुस्तके मागवली आणि दहा वर्षे तो व्यायाम नेमाने केला, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. १९०८च्या सुमारास, म्हणजे चाळिशीत, मिरजेच्या अधिपतींच्या आग्रहावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले. नमस्कार काही त्यांनी शोधून काढले नाहीत, ते घराघरांत होतेच. बाळासाहेबांनी त्यांना मोजमाप दिले, क्रम ठरवून दिला, संस्थानच्या शाळांत ते सक्तीचे केले आणि त्यांवर मराठीत व इंग्रजीत पुस्तके लिहिली. लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांचे एक पुस्तक संपादित करून १९३८ साली लंडनला प्रसिद्ध करवले. तिकडे बंगळूरला के. व्ही. अय्यर हे व्यायामपटू टपालाने शिकवणी देत होते आणि १९३७ साली त्यांनीही सूर्यनमस्कारांवर पुस्तक काढले. सतरंजीएवढी जागा, खर्च शून्य आणि वस्तादाची गरज नाही. बैठ्या माणसाला यापेक्षा सोयीचे काय हवे?

तरीही ‘किती?’चे उत्तर पुरते मिळालेले नव्हते. सँडोची डंबेल्स हलकी असत आणि नमस्कारात वजन आपल्याच देहाचे. रोजचा आकडा वाढत जातो, पण स्नायूवर येणारा भार फारसा वाढत नाही. दमसास वाढतो, सांधे मोकळे होतात. हा लाभ मोठाच आहे. निव्वळ ताकद मात्र काही आठवड्यांनी एका ठिकाणी थबकते. उलट, ज्याने वीस वर्षांत हाताने जमिनीवर भार घेतलेला नाही, त्याला पहिलाच नमस्कार जड जातो. एकाला माप अपुरे आणि दुसऱ्याला भारी, अशी ही अडचण होती.

ती सोडवली एका लष्करी डॉक्टरने. टॉमस डीलॉर्म हा अमेरिकन तरुण लहानपणी संधिवाताच्या तापाने महिनोन्महिने अंथरुणाला खिळला होता आणि नंतर वजने उचलून त्याने प्रकृती सुधारली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस शिकागोच्या लष्करी रुग्णालयात गुडघे जायबंदी झालेल्या सैनिकांची गर्दी झाली. हलका व्यायाम शेकडो वेळा करवून घेण्याची तिथे रीत होती आणि मांड्या काही भरून येत नव्हत्या. डीलॉर्मने वजन वाढवले आणि आकडा कमी केला. १९४५ साली त्याने आपली पद्धत प्रसिद्ध केली. माणूस जेमतेम दहा वेळा उचलू शकेल ते त्याचे वजन. ताकद वाढली की तेच वजन दहापेक्षा जास्त वेळा उचलता येते; मग वजन थोडे वाढवायचे आणि पुन्हा दहावर यायचे. सुरुवातीला तो दिवसाला सत्तर ते शंभर वेळा उचलायला लावी. १९४८पर्यंत ते वीस-तीसवर आले आणि परिणाम चांगलाच राहिला.

यातली खुबी पाहा. छापील तक्त्यातला आकडा दुसऱ्याने ठरवलेला असतो. डीलॉर्मचे माप ज्याचे त्याच्या अंगातून निघते. सैनिकाचे वेगळे, आजीबाईंचे वेगळे. वस्ताद नजरेने जे करी, ते इथे दहापर्यंत मोजता येणाऱ्या कोणालाही करता येते.

घरी याचा अर्थ अगदी साधा आहे. भिंतीला टेकवलेली, न सरकणारी खुर्ची घ्या. हात न लावता उठा, सावकाश बसा. दहा वेळा जमले आणि आणखी दोन-तीन सहज होतील असे वाटले, तर भार कमी आहे. मग छातीशी पिशवी धरा, तिच्यात किलोभर तांदूळ घाला. पुढे दोन किलो. दहा वेळा जमतच नसेल, तर खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करा. जोरांचेही तसेच. आधी भिंतीला हात टेकून, मग स्वयंपाकघराच्या ओट्याला, मग पलंगाच्या कडेला आणि शेवटी जमिनीवर. शरीर जितके आडवे, तितका हातांवरचा भार जास्त. पाठीसाठी तीच तांदळाची पिशवी कमरेतून वाकून, पाठ सरळ ठेवून, पोटाकडे ओढायची. अशा प्रत्येक प्रकाराच्या एक-दोन फेऱ्या, आठवड्यातून दोन-तीन दिवस आणि मध्ये एक दिवस मोकळा, एवढ्यावर सुरुवात होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या शिफारशीतही मोठ्या माणसांनी चालण्या-फिरण्याखेरीज स्नायूंना भार देणारा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस करावा, असे म्हटले आहे. श्वास कोंडून धरायचा नाही. रक्तदाब, हृदयविकार किंवा गुडघ्याचे दुखणे असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचे. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर तिथेच थांबायचे. स्नायू एक-दोन दिवस आंबले तर घाबरू नये. सांध्यात कळ आली तर मात्र ती सोसू नये.

घरातल्या बायका म्हणतील, आमचे काम हाच आमचा व्यायाम. जाते, मुसळ आणि विहिरीवरची कळशी होती तेव्हा ते खरे होते. आता दळण गिरणीत होते आणि पाणी नळाला येते. कष्ट उरले आहेत, भार गेला आहे.

पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते, पण दंड-मांड्या आरशात तशाच दिसतात आणि लोक निराश होतात. सुरुवातीची वाढ बरीचशी मज्जासंस्थेमुळे असते, हे १९७९ साली मोरितानी आणि डीव्हरीज यांनी दाखवले. असलेलेच स्नायू मेंदूला आधी नीट वापरता येऊ लागतात. मांस नंतर भरते.

‘आता या वयात?’ या शंकेला बॉस्टनमध्ये १९९० साली उत्तर मिळाले. मारिया फियातारोने आणि सहकाऱ्यांनी एका वृद्धनिवासातल्या दहा अशक्त माणसांना आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा भारी व्यायाम दिला. त्यांचे सरासरी वय ९० होते. ज्या नऊ जणांनी तो पुरा केला, त्यांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. त्याच अहवालातला दुसरा आकडा कमी सांगितला जातो. व्यायाम थांबवल्यावर चार आठवड्यांत ताकद ३२ टक्क्यांनी उतरली. म्हणून दिवाळीत, लग्नसराईत किंवा आजारपणात महिनाभर खंड पडला, तर पुन्हा सुरू करताना जुना आकडा गाठायला धावू नये. पिशवीतले किलोभर तांदूळ काढून ठेवावेत, दहापर्यंत मोजून पाहावे आणि त्या दिवशीचे माप नव्याने ठरवावे.