द्रवातली फट: एका रेणूची वीज कशी मोजली गेली?

१/८
एका रेणूमधून वाहणारी वीज मोजायची, तर त्याच्या दोन्ही टोकांना इलेक्ट्रोड हवेत आणि त्यांच्यात साधारण एका नॅनोमीटरची, म्हणजे मीटरच्या एक अब्जांशाएवढी, फट हवी. ही फट घडवण्याचा इतिहास कारागिरीचा आहे, तितकाच वैज्ञानिक विश्वासार्हतेचाही.

२/८
१९७४ साली अविराम आणि रॅटनर यांनी एक कल्पना कागदावर मांडली: एकच रेणू विजेला एकाच दिशेने वाट देऊ शकेल. पण त्या रेणूला धरायचे कशाने? इलेक्ट्रॉनांच्या झोताने आखणी करूनही दहा नॅनोमीटरांहून लहान फट हमखास मिळवणे फार अवघड होते.

३/८
१९९७ साली मार्क रीड, जेम्स टूर आणि सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग घेतला. खाच पाडलेली सोन्याची तार लवचिक पट्टीवर बसवली आणि पट्टी वाकवून ती रेणूंच्या द्रावणात तोडली. मोजणी मात्र द्रावक उडून गेल्यावर केली. फटीत रेणू एकच होता की अधिक, हा प्रश्न उरलाच.

४/८
द्रवात मोजणे अधिक कठीण का? क्षारयुक्त द्रवात आयन स्वतःच वीज वाहून नेतात. त्या गळतीत रेणूचा क्षीण प्रवाह बुडून जातो. म्हणून सूक्ष्म सुईवर मेणासारखे विद्युतरोधक लेपन करून केवळ तिचे टोक उघडे ठेवतात. हा खटाटोप करावाच लागतो, कारण डीएनए आणि प्रथिने यांचे स्वाभाविक घर पाणी आहे.

५/८
१९९९ साली मॉरपर्गो, मार्कस आणि रॉबिन्सन यांनी द्रवालाच कारागीर केले. आधी रुंद फट आखायची, मग द्रावणातून इलेक्ट्रोडांवर सोन्याचा मुलामा चढवत ती अरुंद करायची. रोध सतत मोजत राहिल्याने कुठे थांबायचे ते कळे. प्रवाह उलटा केला की सोने विरघळून फट पुन्हा रुंदावे.

६/८
सप्टेंबर २००२. बेल लॅब्जच्या यान हेंड्रिक शोनने रेणूंपासून ट्रान्झिस्टर बनवल्याचे दावे केले होते. चौकशी समितीने २४ आरोपांपैकी १६ प्रकरणांत गैरवर्तन सिद्ध मानले. वेगवेगळ्या प्रयोगांखाली तोच आलेख आढळला आणि मूळ नोंदी उपलब्धच नव्हत्या. या साऱ्या क्षेत्रावर संशयाची छाया पडली.

७/८
२००३ साली शू आणि ताओ यांचा निबंध आला. सोन्याची सुई द्रावणातच सोन्याच्या पृष्ठभागात टेकवायची आणि मागे खेचायची. जोड ताणला जातो, अखेरीस एका अणूएवढा उरतो आणि तुटतो. त्या क्षणी उघडलेल्या फटीत द्रावणातला रेणू पूल बांधतो. मग पुन्हा टेकवायचे, पुन्हा खेचायचे, हजारो वेळा.

८/८
बायपिरिडिन या रेणूसाठी वाहकतेच्या पायऱ्या एकपट, दुप्पट, तिप्पट अशा दिसल्या. म्हणजेच फटीत एक, दोन किंवा तीन रेणू. एका रेणूचा रोध सुमारे १३ लाख ओहम निघाला. शोनचे दावे इतर प्रयोगशाळांना पडताळता आले नव्हते. इथे पडताळणी हाच मोजण्याच्या पद्धतीचा गाभा होता. एक अचूक, टिकाऊ फट घडवण्याचा हट्ट सोडून क्षणभंगुर फटी हजारोंनी घडवल्या, तेव्हा एका रेणूविषयीचे विधान विश्वासार्ह ठरले.