गांजाचं नाव, भलत्याचंच काम

आजचा विषय नशेचा आहे, पण सांगणार आहे तो इतिहासच.

मी राहतो देवनहळ्ळीत. टिपू सुलतानाचं हे जन्मगाव. २००८ च्या मे महिन्यात इथं बंगळूरचा नवा विमानतळ सुरू झाला. बँकॉकहून आलेला, मातीशिवाय वाढवलेला 'हायड्रोपोनिक' गांजा कस्टम्सनं इथं अनेकदा पकडलाय. अशी बातमी आली की कोणीतरी म्हणतंच, "कर्नलसाहेब, गांजा आपल्याकडे पूर्वापार आहे. इंग्रजांच्या कमिशननंसुद्धा त्याला फारसा दोष दिला नव्हता."

हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं पाहू.

१८९३ मध्ये सरकारनं मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' नेमलं. मुंबई इलाख्यात तेव्हा गांजाची लागवड मुख्यतः आपल्या अहमदनगर जिल्ह्यात होई. कमिशननं देशभरात ११९३ साक्षी नोंदवल्या. गांजानं वेड लागतं, वेड्यांची इस्पितळं त्यानंच भरलीत, असा आरोप होता. कमिशननं १८९२ सालचे इस्पितळांचे कागद एकेक करून तपासले. कळलं असं की रोगी आणणाऱ्या पोलिसांनी 'कारण' या रकान्यात 'गांजा' लिहून दिलं, की पुढं सगळे तेच उतरवून घेत. छाननीनंतर गांजाच्या नावावरच्या निम्म्याहून अधिक केसेस गळाल्या. १८९४ चा निष्कर्ष असा: बेताचं सेवन सहसा बाधत नाही, अतिरेक बाधतो, सरसकट बंदी नको.

पण कमिशननं तपासली ती शेतात उगवणारी वनस्पती. आज 'स्पाइस', 'के-टू' अशा नावांच्या पुड्यांत जे असतं, ते त्या वेळी जगात नव्हतंच.

१९६४ मध्ये इस्रायलच्या मेकुलाम आणि गाओनी यांनी गांजातला मुख्य नशेचा घटक, टीएचसी, वेगळा काढला. पुढं मेंदूत तो नेमका कुठं बसतो ती जागाही सापडली. १९९२ मध्ये त्याच जागी बसणारा, शरीर स्वतःच बनवतं असा रेणू मिळाला. शोधकांनी आपल्या 'आनंद' शब्दावरून त्याचं नाव ठेवलं आनंदामाइड. याच अभ्यासासाठी अमेरिकेत प्राध्यापक हफमन यांनी शेकडो रसायनं बनवली. त्यांतलं जेडब्ल्यूएच-०१८ डिसेंबर २००८ मध्ये जर्मनीत 'स्पाइस'च्या पुडीत सापडलं. प्रयोगशाळेतली वस्तू बाजारात पोचली होती.

कृती सोपी. पावडर द्रावणात विरघळवायची आणि वाळल्या पाल्यावर फवारायची. फवारा सगळीकडे सारखा बसत नाही, म्हणून एकाच पुडीतली एक चिमूट हलकी, तर दुसरी जीवघेणी. शिवाय टीएचसी मेंदूतलं ते बटण अर्धंच दाबतं, ही रसायनं बहुधा पूर्ण दाबतात. परिणामी छाती धडधडणं, उलट्या, भ्रम, आकडी, कधी मूत्रपिंड निकामी. जुलै २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एकाच दिवशी ३३ माणसं भान हरपून भुतासारखी उभी दिसली. त्यामागचं रसायन टीएचसीच्या ८५ पट तीव्र निघालं. २०१८ मध्ये इलिनॉयमध्ये पुड्यांत उंदीर मारायचं विष मिसळलेलं होतं. दीडशेहून अधिक लोकांना रक्तस्राव झाला, काही दगावले.

मग माणसं याच्या वाटेला जातात का? स्वस्त असतं आणि गांजासाठीच्या नेहमीच्या लघवी-तपासणीत सापडत नाही. म्हणून तुरुंगात, आणि जिथं तपासणी होते अशा नोकऱ्यांत ते शिरलं. २०११ मध्ये अमेरिकेच्या नौदल अकादमीनं यापायी कॅडेट घरी पाठवले. गणवेशानं माणूस सुटत नाही. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जेडब्ल्यूएच-०१८ नियंत्रणाखाली आणलं. पण एकावर बंदी आली की रेणूत थोडा फेरफार करून दुसरं तयार.

आता ते अर्धं खरं पुन्हा पाहा. तेव्हा कागदावर 'गांजा' लिहिलं जाई आणि कारण वेगळंच असे. आज मुलगा "गांजाच होता" म्हणतो, तपासणी कोरी येते आणि घरचे निर्धास्त होतात. चूक तीच, नाव न तपासता मान्य करण्याची. म्हणून प्रसंग आलाच, तर उरलेली पुडी डॉक्टरांकडे न्या, काय घेतलं ते लपवू नका. १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. बंगळूरच्या निम्हान्समध्येही व्यसनांवर उपचार होतात.

१८९४ चा अहवाल जरूर वाचा. पण त्यातला निकाल उचलू नका, तपासायची रीत उचला.