नावांची वही कोणाकडे?

नेटवर्किंगचं लॅब केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. सिस्कोच्या स्विचवर कमांड टाईप करताना एक अक्षर चुकतं आणि स्क्रीन अडकून बसते. स्विचला वाटतं, हे कुठल्यातरी मशीनचं नाव असणार. मग तो २५५.२५५.२५५.२५५ या पत्त्यावर, म्हणजे अख्ख्या नेटवर्कला ओरडून विचारतो, "हा कोण, माहितीये का कुणाला?" सर सांगतात, 'नो आयपी डोमेन-लुकअप' टाका. स्क्रीन सुटते. पण नाव विचारायचं तरी कोणाला, हा प्रश्न उरतोच.

१९७० च्या दशकात उत्तर सोपं होतं. इंटरनेटच्या आधीच्या आर्पानेटवर सगळ्या मशीन्सची नावं आणि पत्ते एकाच फाईलमध्ये असायचे. ती सांभाळायचं कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कचं एक माहिती केंद्र, आणि तिथल्या प्रमुख होत्या एलिझाबेथ फाइनलर. नवं मशीन जोडलं की त्यांच्या ऑफिसला कळवायचं. नोंद झाली की बाकीच्यांनी फाईल उतरवून घ्यायची. गावात एकच तलाठी, तसंच हे.

मशीन्स वाढल्या तशी फाईल फुगली, उतरवणारेही वाढले. नवी प्रत हातात पडेपर्यंत ती जुनी झालेली असायची.

मग जॉन पोस्टेल यांनी हे काम पॉल मोकापेट्रिस यांच्याकडे सोपवलं. नोव्हेंबर १९८३ मध्ये आरएफसी ८८२ आणि ८८३ आल्या आणि डीएनएस जन्माला आलं. कल्पना अशी, की वहीची पानं वाटून टाकायची. सगळ्यात वरच्या रूट सर्व्हरला एवढंच ठाऊक, की 'डॉट इन' कोण बघतं. तो पुढच्याकडे बोट दाखवतो, पुढचा त्याच्या पुढच्याकडे. मिळालेलं उत्तर थोडा वेळ जवळ ठेवायचं, म्हणजे परत परत विचारायला नको. १९८७ मध्ये नियम सुधारले गेले. आजचं डीएनएस त्याच पायावर उभं आहे.

आता परत स्विचकडे येऊ. डेटा पुढे ढकलायला त्याला नावं लागत नाहीत, मॅक ॲड्रेस पुरतो. पण घड्याळ जुळवायचा किंवा लॉग पाठवायचा सर्व्हर नावाने दिला, की त्याला डीएनएस लागतं. तेव्हा 'आयपी नेम-सर्व्हर' लिहून पुढे पत्ता आकड्यांतच द्यायचा. नावं शोधून देणाऱ्याचंच नाव शोधायला कोण जाणार? आणि पत्ते दोन द्यायचे, तेही वेगवेगळ्या ठिकाणचे.

दोन कशाला? ४ ऑक्टोबर २०२१ आठवा. व्हॉट्सॲप, इन्स्टा, फेसबुक सहाएक तास गायब! देखभालीच्या एका कमांडने फेसबुकचं आतलं नेटवर्क तुटलं आणि पाठोपाठ त्यांचे डीएनएस सर्व्हर बाहेरच्या जगाला दिसेनासे झाले. सर्व्हर चालू होते, पण त्यांच्यापर्यंत जायचा रस्ताच उरला नव्हता. कारण सगळे त्याच एका नेटवर्कवर अवलंबून होते.

तरीही त्या दिवशी बाकीचं इंटरनेट चालू राहिलं, कारण हरवलं ते वहीतलं एकच पान. ही १९८३ ची कमाई. आपलं पान सांभाळायची जबाबदारी मात्र ज्याची त्याचीच. स्विचवर ती एका ओळीची असते, एवढंच.