भेगेतले उंदीर आणि गुहेतले वटवाघूळ

श्रोतेहो, निपाणीहून बेळगावमार्गे खानापूरकडे जाणाऱ्या प्रवाशाला एका दिवसात जणू दोन देश पाहावयास मिळतात. निपाणी-चिकोडीकडे काळ्या जमिनी, तंबाखूची आणि उसाची शेते. आणि खानापूर ओलांडून पश्चिमेस वळले की तांबडी माती, भाताची खाचरे व त्यांच्यापलीकडे सह्याद्रीचे दाट अरण्य. कणकुंबीच्या डोंगरावर धो धो कोसळणारा पाऊस पूर्वेस सौंदत्तीकडे जाता जाता हात आखडता घेतो. या भेदावर शेतकऱ्याचे पीक अवलंबून असते, तसेच रानातील आणि शेतातील जीवांचे बिऱ्हाडही अवलंबून असते. कोणता प्राणी कोठे राहील, किती वाढेल आणि केव्हा नाहीसा होईल, हे पुष्कळदा त्याच्या घरावरून ठरते. या भागाच्या इतिहासात नोंदल्या गेलेल्या दोन घरांची हकीकत आज सांगावयाची आहे. एक घर आहे काळ्या जमिनीतील भेगेचे, तर दुसरे डोंगरातील गुहेचे.

पहिली हकीकत नोंदविणाऱ्या माणसाचे नाव वॉल्टर एलियट. कंपनी सरकारचा हा तरुण अधिकारी धारवाडच्या कलेक्टराच्या हाताखाली नेमला गेला होता. बेळगाव जिल्हा तेव्हा वेगळा नव्हता. तो 1836 साली झाला. या साऱ्या मुलखाला इंग्रज दक्षिण मराठा प्रांत म्हणत. 23 ऑक्टोबर 1824 रोजी कित्तूरच्या किल्ल्यापुढे राणी चन्नम्माच्या सैन्याशी झालेल्या लढाईत कलेक्टर थॅकरे मारला गेला आणि एलियट हा स्टीव्हन्सन नामक सहकाऱ्यासह कैदी झाला. डिसेंबरच्या आरंभी त्यांची सुटका झाली. ज्या मुलखात आपण बंदिवास भोगला, त्याच मुलखातील पशुपक्ष्यांकडे हा मनुष्य पुढे मोठ्या आस्थेने पाहू लागला. 1839 साली मद्रासच्या एका नियतकालिकात त्याने दक्षिण मराठा प्रांतातील सस्तन प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली. यादी म्हटली तरी ती नुसत्या नावांची जंत्री नव्हे. प्राणी कोठे राहतो, काय खातो आणि गावकरी त्यास काय म्हणतात, हे त्याने लिहून ठेवले आहे.

यासाठी एलियटला ज्ञान पुरविणारे लोक शेतांतच भेटले. तळी व विहिरी खणणारे वडार लोक निरनिराळ्या उंदरांची बिळे अचूक ओळखीत. 'कोक' नावाचा उंदीर बिळात धान्याचा साठा करतो. सुगीच्या दिवसांत वडार ती बिळे उकरून धान्य काढीत व त्यावर गुजराण करीत, असे एलियट लिहितो. आणखी एका लहान, मऊ केसांच्या उंदराला ते 'मेट्टाडे' म्हणत. हा उंदीर सर्वस्वी शेतात राहणारा. जोडीने अथवा पाचसहांच्या टोळीने. मात्र घर बांधण्याचा त्याला भारी कंटाळा. झुडपाच्या मुळाशी कसेबसे खणलेले भोक, शेतकऱ्याने वेचून टाकलेल्या धोंड्यांचा ढीग, कोकाने सोडून दिलेले बीळ, यांपैकी काहीही त्याला चालते. आणि उन्हाळ्यात काळी जमीन तापून फाटली म्हणजे तिच्या खोल भेगा हे तर त्याला आयतेच घर.

या आयत्या घराला मात्र मुदत असते. मृगाचा पाऊस जोराने पडला की काळी माती फुगते, भेगा मिटतात आणि आत वस्तीस असलेले असंख्य मेट्टाडे दरसाल गाडले जातात. ज्या जमिनीने उन्हाळ्यात आसरा दिला, तीच पावसाळ्याच्या तोंडी त्यांची संख्या आवरते.

1826 साली आरंभीचा पाऊस कमी पडला. भेगा वेळेवर मिटल्या नाहीत आणि दरसाल मरणारे उंदीर जगले, व्याले आणि बेसुमार वाढले. त्यांनी पेरलेले बी मातीतूनच खाऊन टाकले. जे उगवले, ते दाण्यावर येताच जोंधळ्याच्या ताटावर चढून त्यांनी कणसे कुरतडून खाली पाडली. शेतेच्या शेते उजाड झालेली एलियटने स्वतः पाहिली. कुळांना सारा भरण्याचे सामर्थ्य उरले नाही. शेतकऱ्यांनी वडारांना बोलाविले आणि अमुक डझन उंदरांमागे एक माप धान्य असा दर ठरविला. वडारांनी हजारोंनी उंदीर मारले; पण संख्येत फरक पडल्याचे काही दिसेना.

श्रोतेहो, हा शेवटचा तपशील विसरण्यासारखा नाही. पाऊस चुकला तेव्हा पिकाला पाणी कमी मिळाले, ही हानी कोणालाही दिसते. परंतु त्याच पावसाने दरसाल बंद होणारी लाखो घरे उघडी राहिली, ही हानी जमिनीखालची होती. काठीने उंदीर मरत होते आणि भेगांतून नवे येत होते. घर शाबूत असेपर्यंत राहणाऱ्यांची वाण पडत नाही.

एलियटने पाठविलेल्या नमुन्यांवरून लंडनच्या ग्रे नामक प्राणिशास्त्रज्ञाने 1837 साली या उंदराचे शास्त्रीय वर्णन केले. त्यात वडारांच्या 'मेट्टाडे' शब्दाचे 'मेल्टाडा' झाले. पुढे 1911 साली ओल्डफील्ड थॉमस या शास्त्रज्ञाने मिलार्ड यांच्या नावावरून त्याला 'मिलार्डिया' हे कुलनाम दिले. मिलार्ड हे 1883 साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे चिटणीस. त्याच 1911 साली सोसायटीने हिंदुस्थानातील सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली, आणि ही पाहणीच आपल्याला दुसऱ्या घराकडे घेऊन जाते.

खानापूर तालुक्यात, भीमगडाच्या परिसरात तळेवाडीजवळ बारापेडे नावाच्या गुहा आहेत. पाहणीच्या काळात तेथे एक मोठे वटवाघूळ सापडले. लांब अरुंद पंख, कपाळावर एकमेकांना जुळलेले मोठे कान आणि पडद्याबाहेर मोकळी सुटलेली शेपटी, अशी त्याची खूण. 1913 साली त्याच थॉमसने त्याचे वर्णन केले व मुंबई इलाख्यातील माजी वनाधिकारी रॉटन यांचे नाव त्यास दिले. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षे या जातीची दुसरी वस्ती जगात कोठे आहे, हे कोणास माहीत नव्हते. एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मेघालयात आणि कंबोडियात ते आढळले. तरीही त्याचे पहिले ज्ञात घर म्हणून बारापेड्याचे महत्त्व उरतेच.

या पाहुण्याचे घर भेगेसारखे कोठेही मिळणारे नव्हे. त्याला अंधार हवा आणि ऋतूप्रमाणे फारशी न बदलणारी हवा हवी. अशा अरुंद पंखांच्या वटवाघळांना जमिनीवरून उडणे अवघड जाते. उंचावरून सुटून पंखांत वारा भरून घ्यावा लागतो. म्हणून छताच्या चिरा आणि त्यांखाली मोकळी जागा, दोन्ही लागतात. इतक्या अटी पुऱ्या करणारी गुहा डोंगरोडोंगरी नसते. दिवसा तेथे गलका झाला, मशाली पेटल्या किंवा दगड फुटू लागले, तर हे प्राणी जाणार कोठे? मेट्टाड्याची हजार घरे मोडली तरी हजार उरतात. येथे एक मोडले की वस्तीच उठली.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात या वटवाघळाला पुढे स्थान मिळाले आणि 2011 साली सुमारे 190 चौरस किलोमीटरचे भीमगड अभयारण्य जाहीर झाले. पहिल्या उपायाने प्राण्याचे नाव जपले, दुसऱ्याने त्याच्या घराभोवती कुंपण घातले. त्या अरण्याच्या पोटात माणसांच्याही वाड्या आहेत. रस्ता, दवाखाना, शाळा या त्यांच्या गरजा खऱ्या आहेत, आणि अरण्याचा विचार करताना त्यांचे घर विसरून चालणार नाही.

पूर्वेकडच्या काळ्या जमिनीचेही रूप बदलले आहे. घटप्रभेवर हिडकलचे व मलप्रभेवर नविलुतीर्थाचे धरण झाले, पाट आले, ऊस आला. ज्या रानाला उन्हाळ्यातही पाणी मिळते, त्या रानाला खोल भेगा पडत नाहीत. पण उसाचा दाट फड आणि पाटाचे बांध उंदरांना बारमाही आसरा देतात. घराचा प्रकार बदलला, बिऱ्हाड उठले नाही. म्हणून उंदरांचा उपद्रव वाढला की केवळ विषाची पुडी शोधण्याऐवजी बांध, पाचट आणि बिळे यांकडे पाहावे, हे 1826 सालचा शेतकरी आजच्या शेतकऱ्यास सांगू शकेल.

एकाच जिल्ह्यातील या दोन हकीकतींपैकी एकीत माणसाला प्राणी नको होता, दुसरीत तो हवा आहे. पण दोन्हींत उत्तर प्राण्यापाशी नसून त्याच्या घरापाशी सापडते. वडारांना हे बीळ पाहूनच कळत असे. बेळगावच्या मुलखातील वन्य जीवांची मोजदाद करणाऱ्यांनी प्राण्यांच्या संख्येबरोबर भेगा, बांध, माळ आणि गुहा यांचीही नोंद ठेवली, तर पुढच्या पिढीला केवळ किती उरले एवढेच नव्हे, तर का उरले हेही समजेल.