धावणाऱ्या पुरुषांची हाडे
१९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वे आले, तेव्हा त्यांच्या हाडांचा विचार कुणी केला नसावा. वास्तविक कूच करणाऱ्या सैनिकांची सुजलेली पावले, म्हणजे ताणाने हाडांना गेलेले तडे, प्रशियाचा लष्करी डॉक्टर ब्राइटहाउप्ट याने १८५५ मध्येच नोंदवली होती. पुढे खेळाडूंच्या हाडांचे संशोधन मुख्यतः स्त्रियांभोवती फिरले, कारण पाळी थांबली की धोका दिसतो. पुरुषाचे टेस्टोस्टेरॉन घटल्याची अशी उघड खूण नाही. म्हणूनच, माझ्या मते, त्याला ठणठणीत गृहीत धरले गेले. खर्चापेक्षा कमी खाल्ल्याने होणाऱ्या ऊर्जेच्या तुटवड्याच्या विचारात आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने पुरुषांना सामील केले ते थेट २०१४ मध्ये.

धावण्याने हाडे बळकट होतात, हा आक्षेप निम्मा खरा आहे. पावलांचे आघात हाड घडवतात. पण खर्चाएवढे पोटात गेले नाही तर शरीर संप्रेरकांत काटकसर करते आणि हाडाची डागडुजी मागे पडते. सायकलपटूंना तर हे आघातही मिळत नाहीत. त्यांच्या मणक्यांची घनता अनेकदा कमी भरते. ठाकुर्लीत लोकल गाठण्याआधी उपाशीपोटी धावणाऱ्याची नडगी दुखली, तर चर्चा बुटांचीच होते. जेवणाचा हिशेब सहसा कुणी विचारत नाही.