शुश्रूषा : दया कीं विद्या?

ज्या कामाची स्तुति सगळे करतात, परंतु जें आपल्या मुलीनें पत्करावें असें सहसा कोणास वाटत नाहीं, अशा कामाचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे समाजाच्या मनांतील पुष्कळ गोष्टी उघड होतात. परिचारिकेचें काम हें अशांपैकीं एक आहे. गेल्या पावसाळ्यांत एका आप्ताच्या दुखण्यामुळें आम्हांस कित्येक रात्री रुग्णालयांत काढाव्या लागल्या. रात्रपाळीची परिचारिका दर तासाला येई, नाडी पाही, सलाइनचे थेंब मोजी, कागदावर आंकडा लिही आणि पुढच्या खाटेकडे वळे. शेजारच्या खाटेपाशीं बसलेल्या एका आजींना गहिंवरून आलें. त्या म्हणाल्या, "बाई, तूं माणूस नव्हेस, देवी आहेस." ती हंसून म्हणाली, "आजी, देवीला बसायला खुर्ची लागत नाहीं, मला लागते." एवढें बोलून ती पुढें गेली. तिच्या या उत्तरांत शुश्रूषेचा गेल्या पावणेदोनशें वर्षांचा इतिहास सांठविलेला आहे, असें आम्हांस त्या रात्रीं वाटलें. तोच येथें थोडक्यांत सांगावयाचा आहे.

शुश्रूषा ही जगांत नवी नाहीं. दुखणाईताच्या उशाशीं कोणी ना कोणी सदैव बसत आलेंच आहे. युरोपांत हें काम पुष्कळ शतकें धर्माच्या छत्राखालीं चाललें. व्हिन्सेंट डी पॉल आणि लुईझ द मारियाक यांनीं १६३३ मध्यें पॅरिस येथें ज्या भगिनीसंघाची स्थापना केली, त्यांतील स्त्रिया मठाच्या भिंतींआड न राहतां गरीब रोग्यांच्या घरीं जात असत. इंग्लंडांत मात्र आठव्या हेन्रीच्या कारकीर्दींत मठ मोडले गेले आणि त्यांच्याबरोबर रोग्यांच्या सेवेची जुनी घडीहि विसकटली. पुढें तेथील इस्पितळांत, जिला दुसरें काम मिळत नाहीं अशी बाई परिचारिका म्हणून येऊं लागली. डिकन्सनें 'मार्टिन चझलविट' या कादंबरींत रंगविलेली सेअरी गँप ही मद्यपी, लोभी आणि तोंडाळ बाई इंग्रज वाचकांस इतकी ओळखीची वाटली, कीं तिचें नांव सामान्यनाम होऊन बसलें. परंतु या बायकांवर अन्यायहि होऊं नये. त्यांना कोणी कांहीं शिकविलें नव्हतें, पगार मोलकरणीचा होता, आणि फरशा घासण्यापासून रात्र जागविण्यापर्यंत सर्व कामें त्यांच्याच माथीं होतीं. ज्यांना विद्या दिली नाहीं त्यांनीं विद्येचें काम नीट केलें नाहीं, ही तक्रार कितपत न्यायाची आहे, याचा विचार वाचकांनींच करावा.

शिक्षणाची पहिली वाट जर्मनींत उघडली. ऱ्हाईन नदीच्या कांठीं कैझर्सवेर्थ या लहानशा गांवीं पाद्री थिओडोर फ्लीडनर व त्याची पत्नी फ्रीडेरिके यांनीं १८३६ मध्यें रोग्यांची सेवा शिकविणारी संस्था काढली. याच संस्थेंत १८५१ मध्यें एक श्रीमंत इंग्रज कुमारिका सुमारें तीन महिने राहून गेली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हें तिचें नांव. तिचा जन्म १८२० चा. इस्पितळांत काम शिकण्याची इच्छा तिनें १८४५ मध्येंच घरीं बोलून दाखविली होती. पण आईबापांनीं ती मोडून काढली. त्यांचे विचार आपणांस परके वाटावे असें कांहीं नाहीं. घराणें मोठें, मुलगी शिकलेली, आणि इस्पितळ म्हणजे घाण, दारू व बेअब्रू यांचें आगर! मुलीची काळजी वाहणाऱ्या कोणाहि बापानें हेंच उत्तर दिलें असतें. आणि आजहि कित्येक सुशिक्षित घरांतून, शब्द बदलून, हेंच उत्तर मिळतें. अखेर १८५३ मध्यें लंडनमधील हार्ले स्ट्रीटवरील आजारी कुलीन स्त्रियांच्या एका लहान संस्थेचा कारभार तिच्या हातीं आला.

पुढची कथा सर्वश्रुत आहे. पण ती जशी सर्वश्रुत आहे तशी पूर्ण खरी नाहीं, म्हणून ती पुन्हा सांगणें जरूर आहे. १८५४ मध्यें क्रिमियाच्या युद्धांत जखमी इंग्रज शिपायांचे हाल 'टाइम्स' पत्राच्या बातमीदारांनीं उघडकीस आणले. फ्रेंच सैन्याजवळ सेवाभगिनी आहेत आणि आपल्याजवळ कोणीच नाहीं, ही गोष्ट इंग्रजांच्या मनाला झोंबली. मंत्रिमंडळांतील सिडनी हर्बर्ट याच्या विनंतीवरून नाइटिंगेलबाई ३८ स्त्रिया घेऊन निघाल्या आणि ४ नोव्हेंबर १८५४ रोजीं तुर्कस्तानांत स्कुटारी येथें पोंचल्या. त्या ३८ जणींत २४ निरनिराळ्या धर्मसंघांतील होत्या, तर १४ इस्पितळांतील पगारी परिचारिका होत्या. लष्करी डॉक्टरांना ही ब्याद वाटली. बाईंनीं आपल्या स्त्रियांना बजावलें, कीं डॉक्टरांनीं बोलाविल्याखेरीज एकाहि रोग्यास हात लावावयाचा नाहीं. थोड्याच दिवसांत इंकरमनच्या लढाईंतील जखमी येऊं लागले आणि बोलावणें आपोआप आलें. मग खाटा, कापड, साबण, स्वयंपाक, धुलाई अशी एकेक गोष्ट बाईंनीं हाताखालीं घेतली. रात्रीं दिवा घेऊन फिरणारी त्यांची मूर्ति विलायतेंतील घरोघर पूजिली जाऊं लागली.

आणि तरीहि त्या हिंवाळ्यांत स्कुटारीचे शिपाई मरतच होते. नव्हे, अधिकच मरूं लागले. १८५५ च्या फेब्रुवारींत दर शंभर रोग्यांमागें सुमारें ४२ दगावले. दिवा होता, माया होती, रात्रीचीं जागरणें होतीं. पण त्या अवाढव्य बराकीखालीं तुंबलेलीं गटारें होतीं, हवा कोंडलेली होती आणि पाणी दूषित होतें. मार्चमध्यें सरकारनें पाठविलेलें आरोग्य-कमिशन येऊन पोंचलें. त्यानें गटारें धुऊन काढविलीं, जनावरांचीं कुजकीं प्रेतें हलविलीं, भिंतींना चुना दिला आणि हवा खेळती केली. जूनपर्यंत मृत्यूचें प्रमाण शेंकडा सुमारें २ वर आलें. हें परिवर्तन एकट्या बाईंच्या पुण्याईनें झालें, असें पुढें पुष्कळांनीं लिहिलें. स्वतः बाईंनीं मात्र तें मानलें नाहीं, आणि त्यांचा खरा मोठेपणा आम्हांस येथें दिसतो. विलायतेस परतल्यावर त्यांनीं विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या साहाय्यानें मृतांचे आंकडे मांडले. शत्रूच्या गोळीनें जितके मेले त्याहून कितीतरी अधिक शिपाई टाळतां येण्याजोग्या रोगांनीं मेले, ही गोष्ट त्यांनीं रंगीत आकृति काढून राज्यकर्त्यांपुढें ठेविली. १८५८ मध्यें लंडनच्या संख्याशास्त्रीय मंडळानें त्यांना सभासद करून घेतलें. दया असून माणसें मेलीं, हा धडा ज्या बाईनें स्वतःच्याच कीर्तीच्या विरुद्ध जाऊन गिरविला, तिनें परिचारिकेच्या कामाचा पाया घालावा हें योग्यच झालें.

तो पाया दोन गोष्टींनीं घातला गेला. एक पुस्तक आणि एक शाळा. १८५९ मध्यें बाईंचें 'नोट्स ऑन नर्सिंग' हें लहानसें पुस्तक निघालें. मोकळी हवा, उजेड, स्वच्छता, शांतता, अन्नाची वेळ अशा साध्या गोष्टी त्यांत आहेत. त्यांतील दोन विचार आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटतात. पहिला असा, कीं रोग्याकडे पाहणें आणि रोग्याचें निरीक्षण करणें या दोन भिन्न गोष्टी आहेत; निरीक्षण शिकावें लागतें. दुसरा असा, कीं तुम्ही जवळ असतांना जें होतें तें तुम्ही जवळ नसतांनाहि झालें पाहिजे. व्यवसायाची याहून नेमकी व्याख्या क्वचितच सांपडेल. आईची माया आई असेपर्यंतच पुरते. व्यवस्था मात्र पाळी बदलली तरी चालू राहते.

शाळा निघाली ती लोकांनीं बाईंच्या सन्मानार्थ जमविलेल्या सुमारें ४५ हजार पौंडांच्या निधींतून. लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळांत जुलै १८६० मध्यें ती सुरू झाली. शिक्षण एक वर्षाचें; राहणें व जेवण संस्थेकडून, वर दहा पौंड खर्चास. इस्पितळाच्या मेट्रन सेराबाई वॉर्ड्रोपर यांच्याकडे सर्व देखरेख होती. प्रत्येक विद्यार्थिनीचें दरमहा एक पत्रक भरलें जाई. एका बाजूस वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा अशा वर्तनाच्या गोष्टी; दुसऱ्या बाजूस जखमा बांधणें, अंथरूण न हलवितां चादर बदलणें, पाठीस व्रण होऊं न देणें, रोग्याचें निरीक्षण करणें अशा कामाच्या. याच इस्पितळाचे एक वडीलधारे शल्यवैद्य जॉन फ्लिंट साउथ यांनीं १८५७ मध्येंच लिहून ठेविलें होतें, कीं परिचारिका म्हणजे घरकामाच्या बायका. त्यांना फारसें शिकविण्याजोगें आहे काय? त्यांना शाळेनें दिलेलें उत्तर वादाचें नव्हतें, कृतीचें होतें. १८६५ मध्यें ॲग्नेस जोन्स ही येथेंच शिकलेली तरुणी १२ परिचारिका घेऊन लिव्हरपूलच्या अनाथगृहाच्या रुग्णालयांत गेली आणि १८६८ मध्यें, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षीं, तेथेंच टायफसनें वारली. त्याच साली ल्यूसी ऑसबर्न पांच जणींसह ऑस्ट्रेलियांत सिडनीस पोंचली.

येथवर इतिहास सरळ आहे. पुढें त्याला फांटा फुटतो. १८८७ मध्यें एथेल बेडफर्ड फेन्विक या पूर्वाश्रमींच्या मेट्रन बाईंनीं ब्रिटिश परिचारिकांचा संघ काढला आणि मागणी केली, कीं तीन वर्षांचें शिक्षण व परीक्षा झालेल्या परिचारिकांची, डॉक्टरांप्रमाणेंच, सरकारी नोंद व्हावी. या मागणीस जोराचा विरोध कोणीं केला? खुद्द नाइटिंगेलबाईंनीं! त्यांचें म्हणणें असें, कीं चारित्र्य व माया परीक्षेंत मोजतां येत नाहीं. यादींत नांव आल्यानें कोणी चांगली परिचारिका होत नाहीं. या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. परंतु फेन्विकबाईंचा प्रश्नहि तितकाच खरा होता: नोंद नसेल तर शिकलेली आणि न शिकलेली यांतला भेद रोग्यानें ओळखावा कसा, आणि शिकलेलीनें आपला मोबदला मागावा कशाच्या बळावर? आमचें मत या वादांत फेन्विकबाईंच्या बाजूनें झुकतें. चारित्र्य मेट्रनच्या दृष्टींत राहतें, हक्क मात्र कागदावर असावा लागतो. न्यूझीलंडनें १९०१ मध्येंच परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा केला. इंग्लंडला त्यासाठीं १९१९ साल उजाडावें लागलें. नाइटिंगेलबाई १९१० मध्येंच वारल्या होत्या. नोंदवही उघडली तेव्हां तिच्यांत पहिलें नांव फेन्विकबाईंचें लागलें.

हा वाद समुद्रापलीकडचा असला, तरी त्यांतील प्रश्न आपल्याहि दारीं आला. मुंबईस १८८६ मध्यें स्त्रियांसाठीं कामा रुग्णालय उघडलें आणि एडिथ पेची या विदुषी डॉक्टरबाईंच्या देखरेखीखालीं तेथें परिचारिकांस शिक्षणहि मिळूं लागलें. पुण्यास १९०९ मध्यें रमाबाई रानडे यांनीं सेवासदन उभें केलें आणि ससून रुग्णालयांत परिचारिकेचें शिक्षण घेण्यास मराठी स्त्रिया, त्यांतहि विधवा, पाठविण्याचें धाडस केलें. तें काम पत्करणें म्हणजे परक्या माणसाच्या रक्तामलाला हात लावणें. सोंवळ्याओंवळ्याच्या त्या काळांत यांत काय सोसावें लागलें असेल, तें सांगावयास नको. ज्या घरांनीं मुलीला डॉक्टर होऊं देण्यास हळूहळू संमति दिली, त्यांनींहि परिचारिकेचें काम दूरच ठेविलें. स्वातंत्र्य आलें त्याच वर्षीं, १९४७ मध्यें, भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा होऊन शिक्षणाचा दर्जा देशभर एकसारखा असावा हें तत्त्व मान्य झालें. कागदावरची लढाई पुष्कळशी जिंकली गेली. मनांतली बाकी राहिली.

ती किती बाकी आहे, हें २०२० नें दाखविलें. तें वर्ष नाइटिंगेलबाईंच्या जन्माचें दोनशेंवें म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनें परिचारिकांचें वर्ष ठरविलें होतें आणि त्याच वर्षीं करोनाची सांथ आली. २२ मार्चला आपण सर्वांनीं गच्चीवर व सज्जांत उभे राहून थाळ्या वाजविल्या, आम्हींहि वाजविली. त्याच दिवसांत, परिचारिका आपल्या घरांत भाड्यानें राहते म्हणून घरमालकानें तिला बिऱ्हाड सोडण्यास सांगितल्याच्या बातम्याहि कित्येक गांवांहून आल्या. देवी म्हणून ओंवाळणें आणि भाडेकरू म्हणून नाकारणें या दोन्ही गोष्टी एकाच समाजानें केल्या, आणि त्यांत त्याला विसंगति वाटली नाहीं. कारण देवीला वेतन, विश्रांति, बढती, मतभेद यांपैकीं कांहींच लागत नाहीं. नमस्कार केला कीं देणें फिटलें!

परिचारिकेनें माया बाळगूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. स्कुटारीच्या हिंवाळ्याचा बोध इतकाच, कीं नुसती माया पुरत नाहीं. आणि फेन्विकबाईंच्या लढ्याचा बोध असा, कीं नुसत्या मायेची किंमत समाज कधींच देत नाहीं. पुढच्या खेपेस आपल्यापैकीं कोणी रुग्णालयांत जाईल, तेव्हां त्यानें खाटेच्या पायथ्याशीं लटकणारा कागद अवश्य पाहावा. तासातासाचे ते आंकडे कोणाच्या तरी शिक्षणाचे, जागरणाचे आणि जबाबदारीचे आहेत. आमच्या आप्तास घरीं सोडण्याच्या आदल्या रात्रीं आम्हीं बाहेरच्या वऱ्हांड्यांतील एक खुर्ची उचलून आंत आणून ठेविली. परिचारिका तिच्यावर सात-आठ मिनिटें बसली, तेवढ्यांत तिनें तीन रोग्यांचे कागद पुरे केले आणि ती उठली.